इराच्या पोस्टरपाशी

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

पोस्टर माझ्या मुलीचं होतं. ती हॉस्पिटलमध्ये होती. मी कुवेतच्या शर्क भागातल्या एका हॉटेलात पोस्टरजवळ उभी होते.

वन्यजीवांवर काम करणाऱ्यांची इथे एक संस्था आहे. ती विद्यार्थ्यांनाही सभासद करून घेते. इरा कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सभासद झाली.

तिचे बाबा म्हणाले, "यात नोकरी कुठे आहे गं?"

"तेच शोधायला जातेय ना बाबा. नोकरी देणारे सगळे तिथेच येतात."

वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांनी आपापल्या पोस्टरजवळ उभं राहायचं असतं. मोठी माणसं फिरतात, थांबतात, विचारतात. एखाद्याला कुणी मोसमभर कामाला बोलावतं. ज्या पोस्टरजवळ माणूस नाही, तिथे कुणी थांबत नाही.

इराला तिथे उभं राहायचं होतं. दोन वर्षं ती तेवढंच म्हणत होती.

रक्ताचा आजार. उपचार चालले, मग चालेनासे झाले. संमेलन आलं तेव्हा तिला उठून बसवावं लागत होतं.

"आई, तू उभी राहा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"मी शिकवते. It's only birds."

वसंतात कुवेतवरून पुढे जाणारे तुरेवाले हुदहुद पक्षी रुमैथिया भागातल्या पाणी दिलेल्या हिरवळीवर उतरतात. किती दिवस थांबतात, हे तिने पहाटे जाऊन पाहिलं होतं. तिचं काम एवढंच.

मी लातूरला मराठी शिकवायचे. ते तिच्या डोक्यात होतं.

"कविता समजावून देतेस तसं नको हं. दिसलं ते सांग, बास."

"बरं."

"आणि साडी नको. लोक साडी बघतील, माझं पोस्टर कोण बघणार? तो ग्रे कुर्ता घाल. Boring वाला."

मी ग्रे कुर्ता घातला. तिचा बिल्ला लावला. त्यावर तिचं नाव होतं.

तिची मैत्रीण सुमैया, रत्नागिरीकडची, शेजारच्या पोस्टरजवळ होती. "काकी, मी हायच बाजूला. घाबरू नका."

लोक येत होते. मी पाठ केलेलं सांगत होते. प्रश्न आला की पुन्हा तेच सांगत होते.

मग एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांनी सगळं वाचलं. असं वाचणारं तोवर कुणी आलं नव्हतं.

म्हणाले, "काल दिसलेला पक्षी आज दिसला नाही, तर तो पुढे निघून गेला की मेला, हे तुम्ही कसं ठरवता?"

"मला माहीत नाही. हे माझ्या मुलीचं काम आहे."

"ती कुठे आहे?"

मी सांगितलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "तिला विचारा. मला उत्तर हवंय."

आपला नंबर त्यांनी मला दिला.

मी तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. इरा जागी होती.

"कोण थांबलं? काय विचारलं?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"Good question," ती म्हणाली. "मला विचारायला हवा होता त्यांनी."

"उत्तर काय देऊ?"

"ठरवत नाही, आई. ठरवता येतच नाही. आम्ही 'दिसला नाही' एवढंच लिहितो."

"आणि मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघायचं."

मी त्यांना तसंच कळवलं. त्यांचं उत्तर आलं: बरी झाली की मोसमभर माझ्याकडे पाठवा.

मी ते तिला वाचून दाखवलं. ती हसली का, मला सांगता येत नाही. तोंडावर मास्क होता.

ती हवल्लीतल्या आमच्या घरी परत आली नाही.

आज वर्ष झालं.

यंदाचं संमेलन थोडं उशिरा, पुढच्या आठवड्यात आहे. इराचं काम आता सुमैया करते. काल तिचा फोन आला. "काकी, सकाळी येता काय रुमैथियाला?"

गेले.

नळ्यांचं पाणी सुरू होतं. गवत ओलं होतं. साळुंक्या होत्या. आम्ही ऊन चढेपर्यंत उभ्या होतो. हुदहुद आला नाही.

सुमैयाने फोनवर दोन शब्द टाइप केले.  

इरा, तुला निरोप द्यायला हे लिहायला बसले होते. जमत नाहीये.

उद्या पुन्हा जाऊन बघते.