चिंधी बांधलेलं गिलकं

राज्यांची नवी आखणी झाली आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्या सुमारास आमच्या गावाला भाजी लावायचं वेड लागलं होतं. धान्याची टंचाई होती. वकिलांच्या बंगल्यांतले गुलाब निघून तिथे वांगी आली. जळगावकडून येणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात 'परसबाग' नावाचं सदर सुरू झालं. ते आमच्या कॉलेजातले मराठीचे सर चालवत. परसबाग हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा वाचला. आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या घरी आम्ही नुसतं 'मागे' म्हणायचो.

मागे मायचा गिलक्याचा वेल होता. त्याचं बी तिने लग्नानंतर जसोंडीहून, माहेरून आणलं होतं. दरवर्षी ती त्याच वेलाचं बी धरायची. एक चांगलं गिलकं कोवळं असतानाच निवडून त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं कोणी ते तोडत नसे.

सरांनी मला या वेलावर लिहायला सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मायला विचारत विचारत लिहिलं, आणि जमलंय की नाही ते कळेना म्हणून भीत भीत सरांना दाखवलं. ते म्हणाले, यातला एक शब्दही हलवायला नको. घरी येऊन मी ते मायला तसंच सांगितलं.

अंक आला. मायला वाचता येत नव्हतं. तिने शेजारच्या काकूंनाही ऐकायला बोलावलं. छापताना गिलक्याचं सगळीकडे पुस्तकी घोसाळं झालं होतं. मी वाचताना ते पुन्हा गिलकं करत गेले. पण चिंधीपाशी आले आणि अडखळले. काकूंनी अंक माझ्या हातून घेतला आणि मोठ्याने वाचलं. अडाणी बायका वेलाला दृष्ट लागू नये म्हणून चिंध्या बांधतात, आपण शिकलेल्यांनी हे सोडलं पाहिजे, असं तिथे छापलं होतं. खाली माझं नाव होतं.

काकू हसून म्हणाल्या, "पोरीलाही बांधा हो एक चिंधी. कॉलेजात नजर लागायची."

त्या गेल्यावर मायने विचारलं, "मी नजरेचं कधी सांगितलं तुले?"

हे मी लिहिलेलं नाही, असं मी परत परत सांगितलं.

"नाव तं तुझंच वाचलं त्यांनी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सर शाबासकी द्यायला माझ्यापाशी आले. मी कसंबसं चिंधीचं विचारलं. "अगं, वाचकाला त्यातून काही शिकायला नको का?" ते म्हणाले. "आणि नाव तर तुझंच दिलंय." त्यांच्या मनात वाईट नसेलही.

त्याच आठवड्यात मायने चिंधी सोडली. बाबांना याची काही कल्पना नव्हती. त्यांनी बाकीच्या गिलक्यांबरोबर तेही कोवळंच तोडून आणलं. मायने ते थोडा वेळ हातात धरलं आणि मग विळीवर चिरलं. वेल उतरणीला लागला होता. बियाण्याजोगं दुसरं आलंच नाही.

पुढच्या वर्षी बाजारचं बी लावलं. वेल चांगला वाढला. सकाळी चुलीपाशी बसून माय मला म्हणायची, "जाय, घोसाळं तोडून आण."

बाबांशी बोलताना मात्र ती गिलकंच म्हणायची.