माझ्या मापाचा त्रिशूल

मी दीड वर्षाचा असताना मला गोवर निघाला आणि बाबा घाबरून महादेवाला नवस बोलले: पोरगा वाचला तर त्याच्या उंचीचा लोखंडी त्रिशूल ढग्याच्या डोंगरावर वाहीन. तेव्हा मी त्यांच्या गुडघ्याएवढा होतो, म्हणजे काम सोपं होतं. मी वाचलो आणि बाबांनी नवस पुढच्या शिवरात्रीवर ढकलला. मग त्याच्या पुढच्या. कधी बैल आजारी, कधी बहिणीचं लग्न, कधी नुसताच कंटाळा. नवस थांबला, मी काही थांबलो नाही. कॉलेजात जाईपर्यंत आमच्या आख्ख्या रोहणा गावात माझ्याएवढा उंच कोणी उरला नव्हता.

मग बाबांना दमा लागला आणि देव रागावलाय असं आईनं ठरवून टाकलं.

गावची यात्रा दरवर्षी नेणाऱ्या म्हाताऱ्या भगताला बाबांनी हळूच विचारलं, "तवाचं माप चालते ना?"

"देवाले जित्ता पोरगा दाखवून राह्यला ना तू? मंग जित्त्या पोराचंच माप दे."

लोहारानं मला भिंतीला उभं करून काठीनं मोजलं. बाबा मला म्हणाले, "जरा वाकून उभा राह्य."

त्रिशूल नवस बोलणाऱ्याच्याच खांद्यावर हवा आणि देवळापर्यंत जमिनीला टेकता कामा नये, असा नियम. शिवरात्रीला यात्रेबरोबर निघालो आणि डोंगराच्या शेवटच्या चढाला बाबांची छाती शिट्टी वाजवू लागली. मागून "हर बोला" चालू होतं, पुढे भगत अनवाणी टणाटण चढत होता.

"बाबा, द्या मले."

"नवस तुहा हाय का?"

त्या चढाच्या अर्ध्यावर ते दगडावर बसले, त्रिशूल मांडीवर आडवा. ओठ काळेनिळे झाले होते. मी भ्यालो. महादेवाला नाही, बाबा इथंच जातील याला भ्यालो. म्हटलं, परत जाऊ.

"परत गेलो अन् तुले काई झालं तं?"

मी रोज चार भाकरी खात होतो. त्यांच्या लेखी मात्र माझा गोवर अजून उतरलाच नव्हता. आता या माणसाशी काय वाद घालायचा?

मी भगताला गाठलं. "त्रिशूल बाबाच्या खांद्यावर पायजे. पण बाबा कोणाच्या पाठीवर नाई पायजे, असं काई हाय का?"

भगतानं डोकं खाजवलं. "असं कोणी इचारलंच नाई आजवर."

त्याचं ठरायच्या आत मी बाबांना पाठंगुळी घेतलं. त्रिशूलाचं टोक दर पावलाला माझ्या कानाशी. वरून बाबांच्या सूचना सुरू: "इकून नको, तिकून. गोटा हाय. पाय पाहून टाक." बैलालाही इतकं कोणी सांगत नाही. हा काहीतरी मोठा कडक नवस असावा असं वाटून एका बाईनं माझ्या पायाला हात लावला, तेव्हा तर आम्ही तिघंही, त्रिशूल धरून, दरीत जाता जाता राहिलो.

वर पुजाऱ्यानं त्रिशूलाला कुंकू फासलं आणि आधीच्या नवसांच्या त्रिशूलांच्या ढिगावर तो भिरकावला. एवढी वर्षं वाढलेली वस्तू बाकीच्यांत दिसेनाशी झाली. बाबा हात जोडून रडत होते. मलाही भरून आलं, उगाच कशाला खोटं बोलू.

तेवढ्यात ते पुटपुटू लागले. "महादेवा, आता याले नोकरी लागू दे, मी तुले..."

देवासमोरच मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याखाली त्यांचा श्वास अजून शिट्टी वाजवत होता. मी हात जरा सैल केला, पण काढला नाही.