माझ्या अंगातलं कुणीतरी

माझी ढोलकी मी वाजवत नाही, माझ्या अंगातलं कुणीतरी वाजवतं, असं आमच्या गल्लीनं माझ्या पंधराव्या वर्षी ठरवून टाकलं. मला विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

झालं होतं एवढंच, की शेजारच्या हळदीत गायन पार्टीचा ढोलकीवाला आला नाही आणि त्याच्या जागी मी बसले. शेवटच्या गाण्याला लय चढवली, तर पुढच्या रांगेतल्या दोन बायका केस मोकळे सोडून घुमायला लागल्या. पोरीला गुरू नाही, मग हे येतं कुठून? बाहेरची बाधा, दुसरं काय! मोबाईलवर ढोलकीचे व्हिडिओ लावून गच्चीवर मी वर्षानुवर्षं बोटं सोलून घेतली, त्यासाठी याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते सगळे सोयीस्करपणे विसरले.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातला देव्हारा गेला होता. पण आमच्याकडे आलेली वैजापूरची आत्या हे ऐकून घाबरली. पप्पा वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेले तसं, तिकडं कार्यक्रम आहे असं सांगून तिनं मला ढोलकीसकट आपल्यासोबत एसटीत बसवलं. खरं काय ते तिनं वाटेत सांगितलं. "भगत बाधा काढील, माय. ढोलकी तेवढी नदीत सोडावी लागंल." मी ढोलकीची पिशवी पोटाशी घट्ट धरली.

भगताच्या पत्र्याच्या शेडखाली भर दुपारी गर्दी होती. ऊद जळत होता. त्याच्या माणसानं हलगी धरली आणि भगताच्या अंगात आलं. माझ्याकडे बोट रोखून तो ओरडला, "कोण हायेस तू? सोड पोरीला." बायका भेदरल्या. माझं लक्ष मात्र त्याच्या पायांकडे होतं. हलगी जलद झाली की देव जलद, हलगी मंदावली की देवही मंद. इतका आज्ञाधारक देव मी पहिल्यांदाच बघत होते.

मी पिशवीतून ढोलकी काढली. आधी हलगीत मिसळले, मग वरचढ झाले. हलगीवाल्याचा हात सवयीनं माझ्या मागं यायला लागला. मग लय हळूहळू खाली आणली, तसा भगत पेंगुळल्यासारखा डुलू लागला. समेच्या आधीच मी हात उचलला. हलगीही थांबली. देव एक पाय वर धरून तसाच उभा राहिला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं.

वाटलं, सुटले. तर एक आजी नारळ घेऊन आली आणि माझ्या पायाशी वाकली. "हिच्यातलं लई मोठं हाय," ती म्हणाली. आत्याचाही चेहरा उजळला. भगतावर आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. त्याला निदान ढोलकीच हवी होती. यांना माझं वाजवणंच काढून घ्यायचं होतं. मी पाय मागं घेतले, आजीचा हात धरला आणि तिची बोटं माझ्या बोटांवरच्या घट्ट्यांवर ठेवली.

"आजी, अंगातल्याला घट्टे पडत्यात व्हय?"

तिनं बराच वेळ चाचपून पाहिलं आणि नारळ उचलून परत नेला.

आम्ही परतीची एसटी धरली. आमचं संभाजीनगर जवळ आलं तसा आत्यानं माझा हात उलटासुलटा करून बघितला.

"दुखतं का गं?"

"रोज दुखतं, आत्या."

"मंग वाजीवतीस कशाला?"

"मला आवडतं म्हणून."

तिनं पिशवी माझ्याकडून घेतली आणि खड्ड्यांत आदळू नये म्हणून घरापर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून बसली.