रिकाम्या गाडीतले आबा

मी दौंडच्या कॉलेजात होते, तेव्हा आमच्या गावाला नुकतीच एसटी सुरू झाली होती. पुढच्या धनगरवाडीवर एक आबा चढायचे. घोंगडीची घडी मांडीवर ठेवून अर्धं तिकीट काढायचे आणि दौंडला स्टँडवरच चहा पिऊन त्याच गाडीनं माघारी जायचे. नाव आम्हा कॉलेजच्या मुलींपैकी कुणी कधी विचारलं नाही.

एकदा कंडक्टर म्हणाला, "फेरी तोट्यात हाय. सरकारनं पैसा दिला न्हाई तर बंद व्हनार." फेरी गेली तर आमचं कॉलेजही सुटणार होतं.

मी आबांना विचारलं, "तुमचं रोज दौंडला काय काम असतं?"

"काम कसलं? गाडी मोकळी दिसली की बंद करत्यात. म्हून बसतो."

"नात आहे का कॉलेजात?"

"न्हाई." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "लेकीला लई शिकायचं व्हतं. तवा गाडीच नव्हती."

आम्ही हे घरोघर सांगितलं. बाजाराला सायकलवर जाणारी माणसंही एसटीनं जायला लागली आणि फेरी टिकली.

शेवटच्या पेपरला जाताना मी गाडीतच आबांच्या पाया पडले. डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "धाकटी भन हाय का गं? तिलाबी धाड."