गव्याला कोणत्या महिन्यात जावे

माझे लग्न झाले तेव्हा वऱ्हाडात कापसाखेरीज दुसरे बोलणेच उरले नव्हते. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली होती, तिकडचा माल अडला होता, आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना एकाएकी राजेशाही थाट आला होता. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. माझ्या सासऱ्यांनी दुनळी बंदूक घेतली. अकोल्याजवळच्या त्यांच्या गावातली ती पहिलीच बंदूक, आणि तोवर तिच्या नावावर एकच शिकार जमा होती : शेजाऱ्याचा रांजण.

पहिल्या दिवाळसणाला मी अमरावतीहून गेलो. पंगतीला वीस-पंचवीस माणसे, आणि जो तो आपल्या कापसाचा धागा किती लांब ते सांगत होता. नव्या जावयाकडे कुणी ढुंकून बघेना. मला ते सोसले नाही. ताटात दुसरी करंजी पडली तसे मी अगदी सहज म्हणालो, की मागे मेळघाटात गेलो होतो तेव्हा एक गवा मारला.

सगळे हात थांबले. वरणाची वाढणीसुद्धा थांबली.

गवा मी जन्मात पाहिला नव्हता. लांबून एक रोही, म्हणजे नीलगाय, पाहिली होती आणि जवळून चुलत्याचा रेडा. त्या दोघांना एकत्र करून मी गवा तयार केला. आयाळ मात्र माझी स्वतःची. ती मी मानेपासून पार गुडघ्यापर्यंत सोडली.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारले आणि दोन्ही हात जोडल्यासारखे करून विचारले, "जवाईबापू, मले नेता का?"

झाले. आता रानात गेलो की माझी लबाडी उघडी पडणार, आणि बायकोला माहेरी येणे म्हणजे शिक्षा होणार. 'गवेवाल्याची बायको' म्हणून गावाने तिला विहिरीवर उभे राहू दिले नसते. तेव्हा एकच मार्ग होता. सासरे जो महिना सुचवतील तो वाईट ठरवायचा.

हे काम मी दोन वर्षे मन लावून केले.

सासरे म्हणाले, पावसाळ्यात जाऊ, चिखलात माग चांगला उमटतो. मी सिपना नदीच्या पुराचे असे वर्णन केले की सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वर चातुर्मास. ज्या घरात कांदा चालत नाही तिथे गवा कसा चालणार? मग म्हणाले, दिवाळीनंतर. तेव्हा गवत हत्ती हरवेल इतके उंच, आणि कापसाची वेचणी सोडून येणार कोण? मग पौष निघाला. पौषात दवाने बारूद सर्दावते, हे खरे होते. गव्याच्या अंगावर थंडीत केसांचा जाड थर चढतो आणि गोळी त्यात अडकून बसते, हे मी जागच्या जागी रचले. सासऱ्यांनी ते पुढे चार गावांत सांगितले.

पण माझ्या नशिबी एक चुलत सासरे होते. कापूस घेऊन एलिचपूरला गेले आणि तिथल्या कुण्या शिकाऱ्याकडून ज्ञान घेऊन आले. चैत्र-वैशाखात पानगळ झालेली असते, लांबवरचे दिसते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या डबक्यावर गवा येतोच येतो. हे तंतोतंत बरोबर होते, म्हणून त्या माणसाचा मला फार राग आला. उन्हाळ्यात गवा चिडका असतो, असे मी क्षीणपणे म्हणालो. सासरे म्हणाले, मग तर मजाच.

महिना गेला हातातून, म्हणून मी वाहनावर आलो. आगगाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. सासऱ्यांना खिडकीतून गवा मारायचा होता, पण रूळ घाट चढत नाहीत असे समजल्यावर ते आगगाडीवर कायमचे रुसले. घोडा सुचवला गेला. सासऱ्यांचा देह पाहून घोड्यानेच मान फिरवली. हत्ती एलिचपुरात मिळतो म्हणतात, पण सासूबाईंनी विचारले, त्याला बांधायचे कुठे आणि पोळ्याला त्याचे पुरण कोण वाटणार? राहिली बंडी. बंडीच्या बैलांना घुंगरमाळा, माळा काढल्या की बैल चालत नाहीत, आणि माळा ठेवल्या की गवा पळतो. या पेचावर मी आठ महिने काढले.

तो पेचही चुलत सासऱ्यांनीच सोडवला. बैल गावात सोडायचे, बंडी माणसांनी ओढून पाणवठ्यावर न्यायची आणि तिच्यात काठोकाठ कापूस भरायचा. "कापसात दबून झोपाचं," ते म्हणाले. "अंग दुखत नाही, बंदुकीचा धक्का बसत नाही. गव्याले वाटंल ढग उतरला."

साऱ्या ओसरीने वा वा केली. सरकी काढलेली रुई गादी करायला फार महाग, म्हणून सरकीसकट कापूस भरला. सरकी दिसली की ढोर दावे तोडते, हे वऱ्हाडात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. आमच्यातल्या एकालाही ते आठवले नाही.

सहा दिवसांनी आम्ही सेमाडोहला पोचलो. तिथे एक म्हातारा कोरकू वाटाड्या मिळाला. सासऱ्यांनी त्याला मोठ्या अदबीने विचारले, की गव्याला खरा महिना कोणता. त्याने बंडीला एक चक्कर मारली, कापसातली सरकी काढून दाताखाली फोडली आणि हसला.

"हे आणलं तुमी," तो म्हणाला, "आता महिना कायले पाह्यता?"

सासऱ्यांना ती तारीफ वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताच त्याने आणि गावातल्या चौघांनी बंडी डबक्याजवळ नेली, आणि तो स्वतः लांब एका झाडाखाली पडून राहिला. गादी इतकी मऊ होती की आम्ही दोघे शिकारी ताबडतोब झोपलो, ते थेट पहाटे जागे झालो.

कचर कचर आवाज येत होता. मला वाटले सासरे दशमी खात आहेत. सासऱ्यांना वाटले मी.

मी डोके वर काढले. बंडीच्या मागच्या टोकाला एक काळा डोंगर उभा होता. पायांत पांढरे मोजे, कपाळ पाटासारखे, आणि तोंड आमच्या गादीत. प्रत्येक घासाला सासऱ्यांच्या पोटऱ्या थोड्या खाली जात होत्या.

"काय खाऊन राह्यला थो?" सासरे ओठ न हलवता म्हणाले.

"तुमची गादी, मामाजी."

"याले आयाळ नाही."

सासऱ्यांनी बंदूक हळूच माझ्या छातीवर ठेवली. "मारा. तुमचा हात बसला हाय."

तिथे मी कबुली दिली. "मामाजी, म्या गवा कधी पाह्यलाच नाही. हा पहिलाच."

गव्याने आणखी एक घास ओढला.

"हे आता सांगता?" सासरे म्हणाले. "थो माह्या पायाशी उभा असतानी?"

एवढ्यात गव्याने कापूस सोडून सासऱ्यांचा तळवा चाटला. घामाचे मीठ आवडले असावे. त्याने पुन्हा चाटला. आणि माझ्या सासऱ्यांना, पाच गावांत ज्यांचा दरारा त्या माणसाला, गुदगुल्या झाल्या. त्यांनी पागोट्याचे टोक तोंडात कोंबले, तरी बंडी हलायला लागली. शेवटी म्हाताऱ्याने येऊन चाकावर काठी आपटली. गव्याने एक भला मोठा घास उचलला आणि घाई न करता निघून गेला.

परतीचे सहा दिवस सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गावाच्या वेशीवर सगळे जमले होते. बायको दिवाळीनंतर माहेरीच राहिली होती. तीही उभी होती, मान ताठ करून. चुलत सासऱ्यांनी रिकाम्या बंडीत डोकावले, मग माझ्याकडे पाहिले. "गवा कुठं हाय?"

सासरे सावकाश उतरले. सगळ्यांचे कान त्यांच्याकडे.

"जवाईबापूनं नेम धरला होता," ते म्हणाले. "म्याच हात धरला. चैतात गवा लई दुबळा असते. पाहून दया येते."

"अन् कापूस?"

"त्याले चारला."

बायकोने माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला, आणि तो काठोकाठ भरलेला होता.

पण सासऱ्यांनी हे फुकट केले नव्हते. त्यांच्या सांगण्यात पुढे सारे काही खरे राहिले, गवा, पहाट, चाटणे, गुदगुल्या, फक्त पाय तेवढा बदलला. आज वीस वर्षे झाली, दर दिवाळीला ते ही गोष्ट रंगवून सांगतात, आणि कुणी नवखा पाहुणा शंका काढू लागला, की मी निमूटपणे जोडा काढून माझा तळवा दाखवतो.