भोकाचा पैसा
मुलांनो, तुमच्या फोटोत गोल्फच्या हिरवळीवर चेंडूच्या जागी ठेवलेली चकती पाहिली, म्हणून हे आज लिहिते. खामगावला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या साहेबांचे गोल्फचे मैदान होते. तिथे हिरवळ नव्हती. चेंडू घालायच्या खळगीभोवती जळके तेल शिंपडलेली काळी वाळू असे. माझे वडील कारखान्यात हेडक्लार्क होते आणि चौथा गडी कमी पडला की साहेब त्यांना बोलावत. एका रविवारी सकाळी दुसऱ्याच्या वाटेतला आपला चेंडू उचलण्याआधी त्यांनी त्याच्या जागेची खूण म्हणून भोकाचा तांब्याचा पैसा ठेवला, चेंडू उचलला आणि तिथेच कोसळले. घरी आणले ते गेलेलेच. चौदाव्या दिवशी मैदानाचा म्हातारा माळी दारात आला आणि मला म्हणाला, "बाई, पैसा अजून तिथंच हाय. साहेब म्हणे, फेकून दे. म्या म्हनलं, ज्याची खूण त्यानंच उचला लागते, नियम तुमचाच हाय. ते गेले, आता त्यांची लेक म्हनून तुम्ही चाला." इतके दिवस तो पैशाला वळसा घालून वाळू सारखी करत होता. आई आतून म्हणाली, "राहू दे तिथंच. येऊन खेळतील ते." मी गेले आणि पैसा उचलला. तेलाने बोटे काळी झाली. आईला तो मी कधीच दाखवला नाही. आज तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि भोकाच्या कडेला वाळूचे चार कण अजून चिकटलेले आहेत.