एक किलोच्या आत होत नाही

कांडपाच्या दुकानातले किस्से तिखटासारखे असतात. कितीही झटकले तरी अंगावर थोडे उरतातच. उन्हाळ्याचे तीन महिने मी खडकीत आत्याच्या मसाला कांडपावर बसते. यंदाचं तिसरं वर्ष. एम.एस्सी. करून मिरच्या तोलते, असं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं होतं तेव्हा सगळ्या खूप हसल्या. आता त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक येतात. बोलायला उरल्या आहेत त्या साठीपुढच्या बायका, आणि त्या माझं ऐकत नाहीत.

घरी आत्या आणि मी, दोघीच. बंगळुरूच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र पंधरा दिवस माझ्या फोनमध्ये पडून आहे. मेअखेर उत्तर द्यायचंय. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

*

पहिल्या वर्षी मी दुकानाला शिस्त लावायला निघाले होते. फॉर्म छापून आणले. नाव, वजन, मसाल्याचा प्रकार. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता: गोडा, काळा, कांदा-लसूण, बिर्याणीचा. संध्याकाळी गठ्ठा उघडला. ‘प्रकार’ या शब्दापुढे बावीस बायकांनी एकच लिहिलं होतं: ‘आमचा’.

दुसऱ्या दिवशी एका काकूंना विचारलं, “काकू, आमचा म्हणजे कुठला?”

“म्हणजे? मसाला!”

“अहो, पण मसाला तर सगळेच आणतात.”

“आणतात बाई. त्याला ते मसाला म्हणतात.”

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आत्या अजून किराण्याच्या याद्या करते.

*

आमच्याकडे नियम एकच: एक किलोच्या आत होत नाही. उखळात माल कमी पडला की मुसळ लोखंडावर आपटतं. पूर्वी हा नियम कुणाला सांगावा लागत नसे, कारण माणसं पाच-पाच किलो आणायची. हल्ली दिवसातून चारदा सांगावा लागतो.

एकाच इमारतीतल्या, समोरासमोर दारं असलेल्या दोन बायका आल्या. दोघींची मुलं बाहेरगावी, दोघी एकट्या, दोघींच्या पिशवीत अर्धा-अर्धा किलो. मी म्हटलं, “एकत्र करा, लगेच लावते.”

“हिच्यात खोबरं फार असतं,” एक म्हणाली.

“आणि हिच्यात नुसते धणे,” दुसरी म्हणाली.

दोघी बाजारात गेल्या, आणखी सामान आणून भाजलं आणि पूर्ण किलो घेऊन परत आल्या. वेगवेगळं कांडून नेलं. महिन्याभरानं पहिली भेटली. म्हणाली, “जास्तीचा अर्धा किलो तिलाच दिला. एवढा खाणार कोण?” त्याच आठवड्यात दुसरी भेटली. तिनंही तिचा अर्धा हिलाच दिला होता.

“मग कसा आहे हिचा?” मी विचारलं.

“उघडलाय कुणी!”

*

एक काका दर एप्रिलला येतात. बायको जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा मसाला झाला तरी बाकावर बसून राहतात. एकदा त्यांच्या मुलीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, “बाबा, एवढ्या उन्हात कशाला? मी ऑनलाइन पाकीट पाठवते ना.”

काका म्हणाले, “पाकिटापाशी बसायला बाक नसतो.”

फोन ठेवल्यावर मी आवाज दिला, “काका, तुमचं झालंय.”

“ऐकलं.”

अर्ध्या तासानं पुन्हा म्हटलं, “काका, झालंय तुमचं.”

“अगं, ऐकू व्यवस्थित येतं मला.”

*

शकीलाखाला तीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांची आठ किलोंची गोणी यायची, रिक्षातून. या वर्षी तीन पिशव्या आल्या. तीन मुलगे, तीन सुना, घर तेच. स्वयंपाक मात्र तीन. भाजणी सगळी खालांनीच केलेली, तीनही पिशव्यांत तंतोतंत तेच सामान. तरी त्यांना तीन वेगळे घाणे हवे होते. रांग दारापर्यंत गेलेली. माझं डोकं सटकलं.

“खाला, एकदम कांडते, घरी वाटून द्या. मसाला तर एकच आहे.”

“तेच तर त्यांना कळू द्यायचं नाही.”

“आणि तुमची पिशवी कुठाय?”

“मला कशाला? मी तिघींकडे बारी लावून जेवते.”

मी तीन घाणे केले. मध्ये उखळ पुसायलाही लावलं त्यांनी.

*

मागच्या सोमवारी ठरवलं, आज आत्याला सांगायचंच. समोर बसून सांगायचा धीर नव्हता, म्हणून मशीन चालू असताना तिच्या पाठीमागे उभी राहिले आणि ओरडले, “आत्या, मला नोकरी लागलीये. बंगळुरूला.”

नेमकी तेव्हाच वीज गेली. मशीन थांबलं. दुकानात एकदम शांतता.

आत्या मागे न वळता म्हणाली, “काय?”

“काही नाही.”

“मग एवढी ओरडलीस कशाला?”

आणि ती चाळणी झटकत बसली.

*

आमच्या घरचा मसाला सगळ्यांत शेवटी होतो, हंगाम संपताना. दर वर्षी दोन किलो. आम्हा दोघींना तो बरोबर वर्षभर पुरतो.

परवा दुपारी आत्या घरून भाजणी घेऊन आली. आत न येता काट्याच्या पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली. पिशवी काट्यावर ठेवली.

एक किलो.

मी पिशवी उचलून परत ठेवली. एक किलो.

“आत्या, निम्मं घरी राहिलं का?”

“नाही.”

“दुसरी पिशवी?”

“एकच आहे.”

मी काट्याकडे बघत राहिले. तिनं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आकडा स्वतः वाचला.

“नियमात बसतंय ना?”

“बसतंय.”

“मग लाव मशीन.”